बोरीचा डोळा सांभाळा



दसरा झाला की बीड, आष्टी, पाथर्डीकडच्या वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच खर्चून झालेली, त्यामुळे पाय निघत नसला तरी जावेच लागते. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, घराला कुलूप.

झाडाला पाय नसतात. त्याला जागेवरच निभावून न्यावे लागते. पाण्याचा ताण पडला की ज्वारी पाने गुंडाळून वाढ थांबवते आणि पाऊस आला की पुन्हा वाढीला लागते. बोर तर उन्हाळ्यात सगळा पाला झाडते. पण मूळ आणि डोळे सांभाळते. पावसाळ्यात त्या डोळ्यांतूनच नवी फूट येते, फळ धरते ते तिच्यावरच.

आपल्या घरचे डोळे म्हणजे मुले. त्यांना फडावर नेऊ नका. एकदा शाळा सुटली की पोराच्या हातीही कोयताच येतो. तोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी शाळेमार्फत हंगामी वसतिगृहाची सोय होते. मुख्याध्यापकांना दसऱ्याआधीच भेटा. आधार जोडलेले असेल तर रेशन दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही मिळते. थोडे तिकडे उचला, उरलेले गावी राहिलेल्या आजीला उचलू द्या.

मुळे मात्र ओल असतानाच खाली जातात. नगरजवळच्या हिवरे बाजारने १९९० नंतर चर खोदले, बांध घातले, चराई बंद केली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असे ठरवले. गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. सगळ्याच गावांत अशी एकी होईल असे मी म्हणत नाही.

पण ज्याच्याकडे एकरभर मुरमाड माळ आहे त्याला एकट्यालाही काही करता येते. पावसाळ्याच्या तोंडाशी ६ बाय ६ मीटरवर खड्डे घ्या. एकरी सुमारे ११० होतील. गावरान बोरीचे बी जागेवरच टोका, म्हणजे सोटमूळ सरळ खाली जाते. पुढच्या पावसाळ्यात त्यावर उमराणचा डोळा भरा. शेळ्यांपासून राखणे हेच मोठे काम. पहिली दोन-तीन वर्षे हाती काही लागणार नाही. पुढे फळ येते ते हिवाळ्यात, ऐन तोडणीच्या दिवसांत. तेव्हा तोडायला, निवडायला, बाजारला न्यायला घरचे माणूस लागतेच. ते बाईमाणूस असावे असे मला वाटते. अर्ध्या कोयत्यावर मुकादम कुरकुरेल, कुरकुरू द्या.

डोळा भरणारा माणूस जवळपास नसेल तर तालुका कृषी कार्यालयात जूनच्या आत चौकशी करा.