उतारावर चावी फिरवावी का?

काळाचौकीहून एका वाचक भावाने विचारले आहे: इंजेक्टरचा करंट तोडणारे एक बटण गाडीत बसवून घ्यावे का? उतार आला की बटण दाबायचे, इंजिन बंद, गाडी आपल्या वजनाने पळेल, ॲव्हरेज वाढेल. काळाचौकीत उतार तो कसला, लालबागच्या पुलावरून उतरण्यापुरता. डोळ्यांसमोर आहे ती ईदेला बालबच्च्यांसह खेडला जाण्याची वाट आणि तिच्यावरचा कशेडी घाट.

आधी हिशेब पाहू. लहान पेट्रोल गाडीचे इंजिन नुसते चालू राहिले तर तासाला साधारण पाऊण लिटर खाते. २० मिनिटांच्या उतारावर झाले पाव लिटर, म्हणजे २५ रुपयांच्या आसपास. पण हे पैसेही हातात पडत नाहीत. आजच्या गाड्यांत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीचा संगणक स्वतःच पेट्रोल बंद करतो. चाके इंजिनाला फिरवतात आणि तेच इंजिन गाडीला आवरून धरते. बटण जे करणार, ते गाडी फुकटात करते आहे!

सौम्य उतारावर इंजिन बंद ठेवलेली गाडी जास्त लांब घरंगळते, हे आम्ही नाकारत नाही. हायब्रिड गाड्या हेच करतात. पण त्यांचे ब्रेक आणि स्टिअरिंग इंजिनावर अवलंबून नसतात, विजेवर चालतात. साध्या गाडीत ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालतो. इंजिन बंद झाल्यावर एक-दोनदा पाय दाबेपर्यंत ती ताकद पुरते, पुढे पेडल दगडासारखे होते. काही गाड्यांचे स्टिअरिंगही जड होते. आणि बटणाऐवजी कोणी चावीच मागे फिरवून काढली तर स्टिअरिंग लॉक होते, तेही वळणावर.

२० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका अवजड वाहनाने एकामागून एक गाड्या उडवल्या. डिझेल वाचवायला चालकाने इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात तेव्हा पुढे आले. ट्रकच्या एअर ब्रेकची हवाही इंजिनच भरते, हे ध्यानात घ्या.

ही सवय जुनी आहे. कार्ब्युरेटरच्या पद्मिनी टॅक्सीत पेट्रोल आपोआप बंद होत नसे, पॉवर स्टिअरिंगही नव्हते. तेव्हा चावी फिरवणाऱ्याचा हिशेब थोडाफार जुळत असे. गाड्या बदलल्या, उस्तादांचा सल्ला तसाच राहिला.

तेव्हा भाईजान, बटण नको. घाटात चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरा. सिग्नलवर गाडी अर्ध्या मिनिटाहून जास्त उभी राहणार असेल तर इंजिन खुशाल बंद करा, तिथे खरेच वाचते. आणि गावी निघण्याआधी चारही टायरची हवा तपासून घ्या. मऊ टायर जेवढे पेट्रोल पितो, तेवढे कशेडीचा उतार वाचवून देणार नाही.