शौकिनांचा कौल

जानेवारी 2023 मध्ये पुण्यात झालेल्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेच्या माती विभागात मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातील महेंद्र गायकवाड हे सोलापूर जिल्ह्याचेच दोन मल्ल समोरासमोर आले, आणि महेंद्रच्या बाहेरील टांगेला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या पायाला बाहेरून पाय घालून त्याला पाडण्याच्या डावाला, चार गुण मिळाल्यावरून मोठा वाद पेटला. अशा डावात खाली गेलेल्या मल्लाची पाठ जमिनीकडे वळून तो ‘धोकादायक स्थितीत’ गेला तरच चार गुण मिळतात, अन्यथा दोन. सिकंदरची पाठ नेमकी किती वळली, एवढाच प्रश्न होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरने याच स्पर्धेत विजेतेपदाची गदा मिळवली, पण 2025 मध्ये अहिल्यानगरला याच स्पर्धेत राक्षे आणि मोहोळ या दोन मल्लांच्या लढतीच्या निकालावरून पंचांचा निर्णय पुन्हा वादात सापडला.

या वादांच्या पार्श्वभूमीवर प्रस्तुत अंक कुस्तीशौकिनांच्या मतांना वाहिलेला आहे. जत्रेच्या फडात निकाली कुस्तीचा, म्हणजे पाठ टेकल्यावरच संपणाऱ्या कुस्तीचा, निकाल हजारो डोळ्यांना एकाच क्षणी दिसतो. गुणांच्या कुस्तीत मात्र तो पंचांच्या हाती असतो, आणि शौकिनांच्या रागाचे मूळ या फरकात आहे, असे संपादक मंडळाचे मत आहे. पंचांवर हात उगारणे सर्वथा निषेधार्हच, तथापि वर्षानुवर्षे फडाच्या कडेला बसून तयार झालेली नजर केवळ पक्षपाती ठरवून दूर सारणे अन्यायाचे होईल. वादग्रस्त गुणांविषयी वाचकांनी आपले मत, डावाच्या तपशिलासह, अवश्य कळवावे.