खांब तोच, नजर वेगळी

तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन पातूरजवळच्या एका खेड्यातून तिची आई दवाखान्यात आली होती. मुलीला थकवा होता, पण आईचा खरा प्रश्न दुसराच होता. "मॅडम, आता हे वयात आली. शाळेत खांबावर चढते. बरं दिसते का ते? अन् काही होनार तर नाही ना?"

पहिला प्रश्न समाजाचा आणि दुसरा शरीराचा. आपल्याकडे दोन्ही एकाच दमात विचारले जातात आणि उत्तर मात्र पहिल्याचंच दिलं जातं.

मल्लखांब आपला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो नव्याने रुजवला. अमरावतीत 1914 साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 मध्ये मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी व्यायाम जगाला दाखवले. पण मुलांना पुरलेला खांब आणि मुलींना दोर अशी वाटणी पुढे बरीच वर्षं चालली. आज मुली दोन्हींवर स्पर्धा खेळतात. मल्लखांबाला अर्जुन पुरस्कार मिळाला तोही 2021 च्या यादीत, हिमानी परब या मुंबईच्या मुलीमुळे. तरी गावात मुलगी खांबाला अढी घालते तेव्हा पारावरची मान वळतेच.

ही वाटणी कशामुळे झाली असेल? माझा अंदाज असा, की कारण कपड्यात आहे. गुळगुळीत लाकडावर कापड घसरतं, कातडी धरते. म्हणून मल्ल लंगोट किंवा चड्डीवर खांब करतात. एरंडेल लावतात ते घर्षण फार होऊन कातडी सोलवटू नये म्हणून. दोराचं तसं नाही. तो पायाच्या अंगठ्यात धरता येतो, अंगाभोवती आवळता येतो, अंगभर कपडे असले तरी चालतं. म्हणजे उघडी मांडी ही पकडीची गरज आहे. पाहणाऱ्याने तिचा दुसराच अर्थ लावला, तर त्यात खेळाडूचा काय दोष?

परदेशातल्या पोल डान्सचंही हेच झालं. पोलादी दांड्यावर कापड टिकत नाही, म्हणून कपडे आखूड. दारूच्या गुत्त्यातून आलेला म्हणून तो बदनाम. पण आज कितीतरी बायका तो निव्वळ व्यायाम म्हणून करतात. दुबई, बैरूतसारख्या अरब शहरांतही तो शिकवला जातो. तिथल्या आईची काळजी आणि पातूरच्या आईची काळजी यांत मला फारसा फरक वाटत नाही. गंमत अशी, की तेच कसब पुरुषाने लंगोटावर दाखवलं तर आपण त्याला संस्कृती म्हणतो.

आता शरीराचा प्रश्न. "काही होनार तर नाही ना" याचा अर्थ प्रत्येक बाईला कळतो, म्हणून स्पष्टच लिहिते. योनिपटल म्हणजे कुलूप किंवा मोहोर नव्हे. ती लवचीक घडी असते, प्रत्येकीची वेगळी, काहींना जन्मतः जवळजवळ नसतेच. ती पाहून कौमार्य ठरवता येत नाही. अशा तपासणीला शास्त्रीय आधार नाही, ती बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्येच सांगितलं आहे. खांबामुळे गर्भाशय सरकत नाही, पुढे मूल व्हायला अडचण येत नाही. पाळीतही खेळता येतं. पोट दुखत असेल त्या दिवशी विश्रांती घ्यावी, एवढंच.

खरा धोका थांबण्यात आहे. याच वयात हाडांत कॅल्शियम सर्वांत वेगाने भरतं, आणि हाडांवर भार पडला तर ते जास्त भरतं. नेमक्या याच वयात आपण मुलीला मैदानावरून घरात आणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या आकडेवारीनुसार जगातल्या 11 ते 17 वयाच्या मुलींपैकी 85 टक्के मुली पुरेशी हालचाल करत नाहीत. मुलांत हे प्रमाण 78 टक्के आहे. पुढे चाळिशीत त्याच बाया गुडघे, कंबर धरून माझ्याकडे येतात, तेव्हा हातात गोळ्यांखेरीज फार काही उरलेलं नसतं.

खांबावरून पडणं मात्र खरं असतं. मनगट मुरगळतं, खांदा दुखावतो. खाली जाड गादी आहे का, शिकवणारा जवळ उभा राहतो का, अंग गरम केल्याशिवाय उलट्या उड्या करायला लावतो का, हे पालकांनी मैदानावर जाऊन बघावं. शिकवणाऱ्याचा हात मुलीला कुठे आणि कसा लागतो, हेही बघावं. मुलीने नकोसं वाटतं म्हटलं तर तिचं ऐकावं. खेळ बंद करण्यापेक्षा हे विचारणं अवघड आहे, हे मला कळतं.

त्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.4 निघालं. या वयात ते किमान 12 हवं. थकवा खांबाचा नव्हता, रक्ताचा होता. देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आहे, असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी सांगते. लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर लगेच चहा नको म्हटलं, आणि रक्त वाढेपर्यंत उलट्या कसरती थांबवून साधा सराव ठेवायला सांगितलं.

जाताना आईने हळूच विचारलं, "मग दोरच ठेवू का मॅडम?" मी मुलीकडे पाहिलं. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "दोन्ही."