मातीची भिंत पाणी कशी अडवते?



पावसात मातीचा किल्ला विरघळतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे. मग पैठणचे जायकवाडी धरण मातीचे कसे? १९७६ साली पुरे झालेला हा बांध सुमारे १० किलोमीटर लांब आहे बरं का!

सारी करामत आहे रचनेत. अशा बांधाच्या पोटात चिकण काळ्या मातीचा गाभा असतो. त्यातून पाणी फारसे झिरपत नाही. पण काळी माती भिजली की घसरते. म्हणून तिला दोन्ही अंगांनी मुरमाचा जाड आधार देतात. थरावर थर टाकायचा आणि रोलरने दाबायचा! पाण्याकडच्या उतारावर दगड बसवतात, म्हणजे लाटांनी माती धुपत नाही.

आणि पाया एवढा रुंद का? १० मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे १० टन रेटा देते. जितके खोल, तितका रेटा जास्त.

एक गोष्ट मात्र मातीला सोसत नाही. माथ्यावरून वाहणारे पाणी! १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळच्या पानशेत धरणात तेच घडले. बांधाखालची पाणी सोडायची मोरी ढासळली, वरची माती खचली, पाणी माथ्यावरून गेले आणि बांध फुटला. लोंढ्याने खडकवासल्याची दगडी भिंतही फोडली. पुण्यात हाहाकार उडाला.

म्हणूनच जादा पाण्याला पक्का सांडवा हवा. जायकवाडीच्या सांडव्याला २७ दरवाजे आहेत.

आता अंगणात मातीचे दोन छोटे बांध घाला. एकाला कडेने कौलाच्या तुकड्याची वाट ठेवा, दुसऱ्याला नको. पाणी ओता आणि बघा, आधी कोणता फुटतो!