कुलकर्णी कोणते आणि शेख कोणती

शाळेच्या कपाटातून पुस्तक आणायचे असले की आम्ही वर्गातल्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी देतो. जुनी खोड आहे. हिवाळ्यात एका रिकाम्या तासाला अशीच चिठ्ठी दिली. त्यावर दोनच शब्द होते, ‘कुलकर्णी, कथा’. आमचे अक्षर कसे आहे ते घरचे लोक जाणतात. पुस्तके सांभाळणाऱ्या मामांनी ‘कथा’चे ‘कोश’ वाचले. पोरगा परत आला तो दोन्ही हातांनी एक जाडजूड ग्रंथ छातीशी धरून. म्हणाला, “सर, हाई पुस्तक भलतंच जड शे.”

आम्हाला हवे होते जी. ए. कुलकर्णी. आले होते कृ. पां. कुलकर्णी. वर्गाला एक गोष्ट वाचून दाखवायची होती आणि टेबलावर येऊन बसला ‘मराठी व्युत्पत्तिकोश’.

परत पाठवायला जीव होईना. पोराने जिना चढून आणला होता. मग म्हटले, आता आलाच आहे तर उघडू. मुलांना सांगितले, वर्गात दिसते त्या वस्तूचे नाव घ्या, तो शब्द कुठून आला ते पाहू. दहा मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. खुर्ची अरबीतली निघाली, कागद फार्सीतला, कलम अरबीतली. दौत अरबी आणि तिच्यातली शाई फार्सी. हजेरी, रजा, मुदत, दप्तर अशी आमच्या नोकरीची निम्मी सामग्री त्याच वाटेने आलेली. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग पगार?” पगार पोर्तुगीजांकडून आलेला. यावर एक जण म्हणाला, म्हणूनच तो उशिरा पोहोचतो. आम्ही ऐकले नाही असे दाखवले.

मागे एकदा आमच्या वर्गातल्या एका मुलीने आम्हाला विचारले होते की घरात आपण बोलतो ती भाषा आणि पुस्तकातली मराठी यांचा काही नातेसंबंध आहे का. तेव्हा आम्ही लांबलचक उत्तर दिले होते. त्या दिवशी कोशाने ते कमी शब्दांत दिले.

गंमत म्हणजे हे कोशवाले कुलकर्णी आपल्या खानदेशाला परके नाहीत. १९५२ साली अमळनेरला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, त्याचे अध्यक्ष हेच कृ. पां. होते. अमळनेर म्हणजे शिरपूरहून तापी ओलांडली की आलेच. संमेलन पुन्हा त्या गावी यायला २०२४ साल उजाडले. मधल्या बहात्तर वर्षांत अमळनेरची किती पोरे मराठीचे मास्तर झाली असतील, पण त्या पहिल्या अध्यक्षांचे नाव घेतले की बहुतेक जण विचारतात, “जी. ए.?” १९५२ मध्ये जी. ए. तिशीच्या आतले होते. त्यांचा पहिला कथासंग्रह ‘निळासावळा’ यायला १९५९ उजाडायचे होते. ते धारवाडला इंग्रजी शिकवत आणि सभा-समारंभांपासून लांब राहत. ‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तोही त्यांनी पुढे परत केला. एकाचे आयुष्य शब्दांचे मूळ खणण्यात गेले, दुसऱ्याचे माणसाच्या नशिबाचे. आडनाव सोडले तर दोघांत काही सारखे आम्हाला दिसत नाही.

आणि हे दोनच कुलकर्णी असते तर गोष्ट वेगळी. मामांच्या कपाटात ‘कु’ची फळी पाहावी. टीकाकार वा. ल. कुलकर्णी आहेत, जे १९६५ च्या हैदराबाद संमेलनाचे अध्यक्ष होते. दुसरे टीकाकार द. भि. कुलकर्णी आहेत, जे २०१० च्या पुणे संमेलनाचे अध्यक्ष झाले. शिवकाळाचा इतिहास लिहिणारे अ. रा. कुलकर्णी आहेत. यातल्या द. भिं.नी जीएंच्या कथेवर मन लावून लिहिले आहे. म्हणजे गोष्ट लिहिणारा कुलकर्णी आणि तिची मीमांसा करणाराही कुलकर्णी. परक्या माणसाला वाटावे की एकाच घरातला मामला आहे. खरे तर कुलकर्णी हे गावचा हिशेब ठेवणाऱ्या कामाचे नाव. जितकी गावे तितके कुलकर्णी. पाटलांचेही तेच, आणि आपल्या भागात तर पाटील इतके की हाक मारली की निम्मा बाजार वळून बघतो.

पाटलांच्या फळीवर आम्हाला स्वतःला एकदा फजिती पदरात घ्यावी लागली आहे. बी.एड.च्या काळात एका मित्राने ‘पाटलांचे पुस्तक दे’ म्हणून निरोप धाडला. आम्ही मोठ्या प्रेमाने ‘टारफुला’ दिले. कोल्हापूरकडच्या शंकर पाटलांची ती कादंबरी आम्हाला फार आवडते. मित्राला हवे होते धुळ्याच्या शरद पाटलांचे ‘दास-शूद्रांची गुलामगिरी’. त्याला दुसऱ्या दिवशी त्यावर टिपण सादर करायचे होते. रात्री त्याने टारफुला पूर्ण वाचली, टिपण काही झाले नाही. तो अजून म्हणतो की सौदा तोट्याचा नव्हता. ‘पानिपत’ आणि ‘झाडाझडती’चे विश्वास पाटील, समीक्षक म. सु. पाटील हेही त्याच फळीवर. म. सुं.ना २०१८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांची कन्या कवयित्री आहे आणि तिने नुसते ‘नीरजा’ एवढेच नाव ठेवले. फळीवरची गर्दी पाहता शहाणपणाचे केले.

धुळ्याचे म्हणाल तर तिथे याहून बारीक फरकाची जोडी आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे धुळ्यात राहिले आणि ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ शहरात आहे. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ, म्हणजे वै. का. राजवाडे. हेही मोठे विद्वान, त्यांनी यास्काचे निरुक्त मराठीत आणले. एक बखरी आणि कागदपत्रे शोधत गावोगाव हिंडला, दुसरा वेदांच्या शब्दांत बसला. दोघांच्या नावांत अंतर किती, तर एका वेलांटीचे आणि दोन मात्रांचे. छापणाऱ्याचा हात हलला की एका भावाचे पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जायचे.

उर्दूत ही अडचण आमच्या वाडवडिलांनी वेगळ्या रीतीने सोडवली होती. तिथे माणूस तखल्लुसने ओळखला जातो. मिर्झा असदुल्लाह खान हे नाव ‘ख’च्या फळीवर लावले तर गालिब कुणाला सापडेल? ‘मिर्झा’खाली शोधायला गेलो तर सौदाही मिर्झा, आणि ‘उमराव जान अदा’ लिहिणारे रुस्वाही मिर्झा. एक कसीद्याचा उस्ताद, दुसरा कादंबरीकार. तखल्लुसमुळे गोंधळ टळतो.

मराठीत लिहिणाऱ्या आपल्या लोकांची गोष्ट मात्र कुलकर्ण्यांसारखीच आहे. पठाण म्हटले की आम्हाला डॉ. यू. म. पठाण आठवतात. महानुभाव आणि संत वाङ्मयात त्यांनी हयात घालवली, फार्सी आणि मराठी यांच्या नात्यावर लिहिले, १९९० ला पुण्याच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, अध्यक्ष फ. म. शहाजिंदे. शहाजिंदे हे आडनाव असे की कुणाशी गल्लत व्हायची सोय नाही. खान म्हटले तर नाटककार शफाअत खान आणि कथा-कादंबरीकार राजन खान, दोघेही आजचे.

आणि शेख. शेखांचे काय सांगावे! चारशे वर्षांपूर्वी श्रीगोंद्याला ‘योगसंग्राम’ लिहिणारे संत शेख महंमद, तिथे शेख नावाच्या पुढे आहे. शाहीर अमर शेख, तिथे तो मागे. शिवाय अमर शेख जन्माने शेख नव्हतेच. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलांनी ते नाव घेतले. त्यांच्या मुलीने पुढे आपल्या नावाला वडिलांचे ते सबंध नाव जोडले, मलिका अमर शेख. आम्ही हे वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर स्वतःचे नाव चार प्रकारांनी लिहून पाहिले.

आमच्या नववीच्या हजेरीत ४२ पैकी ११ शेख आहेत. पिंजारी, मनियार, तडवी, बागवान वेगळे. आडनाव आधी लिहायची रीत, त्यामुळे सकाळी हजेरी घेताना शेख शेख शेख असे इतक्या वेळा येते की नवीन माणसाला वाटावे आमची जीभ अडकली. काहींच्या दाखल्यावर मुलाच्याही पुढे शेख आणि बापाच्याही पुढे शेख. कित्येकांना हे आडनाव आजोबाला शाळेत घालताना मास्तरांनीच चिकटवले. आम्ही मास्तर आहोत, म्हणून हे कबूल करायला हरकत नाही.

एवढे विनोदाने लिहिले, पण ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती हसण्यासारखी नाही.

गेल्या वर्षी तालुक्याच्या लेखन स्पर्धेला आमच्या शाळेतून मुलींनी लिखाण दिले. दोन गट होते, एक कथेचा, दुसरा माहितीपर निबंधाचा. नवव्या वर्गाच्या दोन तुकड्यांत दोन शेख. एकीने गोष्ट लिहिली होती, पहाटे कापूस वेचायला जाणाऱ्या बाईची. दुसरीने अरुणावती नदीवर निबंध लिहिला होता, काठावरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून, तोही मेहनतीचा. यादी आम्ही टाइप केली. नावाचा रकाना अरुंद होता. आम्ही दोघींचीही नावे आखूड केली, ‘शेख स. अ.’ आणि ‘शेख स. अ.’ दोघींच्या बापांची नावेही अ वरून. तुकडी लिहायला हवी होती. लिहिली नाही.

कथेला पहिले बक्षीस मिळाले. समारंभात नाव पुकारले गेले तेव्हा निबंधवाली उठली. तिला वाटले आपलेच. व्यासपीठावर तिच्या हाती प्रमाणपत्र आले, फोटो निघाला, खाली उतरताना तिने वाचले तर त्यावर ‘कथालेखन’. ती सरळ आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, हे माझे नाही.” चौदा वर्षांची मुलगी. तिने ते तसेच घरी नेले असते तर कुणाला कळले नसते.

जिची कथा होती ती मागच्या रांगेत आईजवळ बसलेली होती. आई त्या दिवसाची मजुरी बुडवून आली होती. आम्ही धावत संयोजकांकडे गेलो. तिथले गृहस्थ भले होते, घाईत होते. त्यांनी प्रमाणपत्र पाहिले आणि म्हणाले, “नाव तेच तर आहे, तिला देऊन टाका की.” बरोबरच होते त्यांचे. नवे छापायची गरज नव्हती. ते प्रमाणपत्र दोघींनाही चालत होते, आणि पंचक्रोशीतल्या आणखी वीस जणींनाही चालले असते.

आम्ही ते तिला खुर्च्यांच्या मधल्या वाटेत उभे राहून दिले. टाळ्या झाल्या नाहीत. आईने विचारले, “फोटो निघेल का?” फोटोवाला जेवायला गेला होता.

नंतर मुलीने वर्षभर काही लिहिले नाही. आम्ही दोनदा विचारले. तिने ‘सर, अभ्यास आहे’ म्हणून टाळले. रागावली नव्हती, ते अधिक टोचले. कुणी आपल्याला दुसरे समजले तर त्यात काय, असे ती धरून चालल्यासारखी वागे. बाजारात, बसमध्ये, बातम्यांत एका शेखने काही केले तर दुसऱ्या शेखने खुलासा द्यायचा, हे आपल्या मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. आम्ही तर तिचे मास्तर, रोज तिचे तोंड पाहणारे. आणि अंक सुटसुटीत दिसावा म्हणून आम्हीच तिला गर्दीत सोडले होते.

कोशाच्या त्या तासानंतर दोन दिवसांनी ती स्टाफरूमच्या दाराशी आली. हातात दुमडलेले आठ कागद. यंदाच्या स्पर्धेसाठी नवी गोष्ट. पहिल्या पानावर तिने नाव लिहिले होते, आधी स्वतःचे, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी शेख. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव येते, ते तिच्या धाकट्या भावाच्या दाखल्यावर पाहून तिने उचलले होते.

“सर, एवढे मावेल ना?” तिने विचारले.

यंदाचा तक्ताही तसाच आला आहे, नावाचा रकाना तेवढाच अरुंद. आम्ही त्या ओळीची उंची वाढवली. नाव दोन ओळींत बसले. खाली तुकडी लिहिली, हजेरी क्रमांक लिहिला. निबंधवालीचेही तसेच लिहिले. तिचा विषय यंदा शिरपूरच्या जुन्या विहिरी आहे आणि परवा ती मामांकडे राजवाड्यांचे पुस्तक मागायला गेली होती. चिठ्ठी आमचीच होती. ‘वि. का.’ आम्ही ठळक, सुटे सुटे लिहिले होते.