गादी ते गाडी : कंबरेचा हिशेब

मलकापूरच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याचे घर डोळ्यांपुढे आणावे. पहाटे खरेदीसाठी जालन्याला गेलेली गाडी सूर्यास्ताच्या थोडी आधी दारात येऊन उभी राहते. दिवस मावळण्यापूर्वी ताटावर बसता यावे म्हणून परतीच्या तीन-साडेतीन तासांत ती कोठेही थांबलेली नसते. साठी ओलांडलेले बाबूजी दार उघडतात, पण लगेच उतरत नाहीत. एक हात दाराच्या चौकटीवर आणि दुसरा कंबरेवर ठेवून ते उठतात, चार पावले वाकूनच चालतात आणि मग सावकाश ताठ होतात. घरातून विचारणा झाली की उत्तर ठरलेले असते : "काही नाही, वय झाले."

मात्र त्या दिवशी घडलेली एक गोष्ट ते घरात सांगत नाहीत. बुलढाणा सोडून राजूर घाट उतरताना त्यांच्या उजव्या पायाला मुंग्या आल्या होत्या. वळणावर पाय ब्रेकवर होता, पण तो किती दाबला जात आहे याचा अंदाज क्षणभर येईना. गाडी सावरली आणि घाट उतरला. घरी आल्यावर कंबरेला मलम लागले, पट्टा बांधला गेला आणि दोन दिवसांनी पुन्हा तीच गाडी, तेच आसन व तोच घाट.

अशी घरे आपल्या जिल्ह्यात थोडी नाहीत. घाटावरच्या चिखली, मेहकर, देऊळगाव राजा या गावांना रेल्वे नाही. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही घाटाखालची गावे लोहमार्गावर असली तरी मालाची पारख, वसुली आणि बाजारभावाची चौकशी यांसाठी व्यापाऱ्याला मोटारीवाचून पर्याय नसतो. आठवड्यातील कित्येक तास चालकाच्या आसनावर जातात. गाडीचा घसारा दरवर्षी हिशेबात धरला जातो. कंबरेचा घसारा मात्र कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

गादीवर बसणे आणि गाडीत बसणे

आधीची पिढीही दिवसभर बसूनच व्यापार करीत असे, तेव्हा मोटारीच्या आसनालाच दोष का द्यावा, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बसण्याच्या रीतीत सापडते. पेढीच्या गादीवर बसलेला मनुष्य एका स्थितीत फार वेळ राहत नसे. तो कधी मांडी घाली, कधी एक गुडघा उभा करी, कधी लोडाला टेके. वही काढायला वळे आणि गिऱ्हाइकाला माल दाखवायला उठे. चालकाला यांपैकी काहीही करता येत नाही. त्याचे पाय पेडलांशी, हात स्टिअरिंगशी आणि नजर रस्त्याशी जखडलेली असते.

कण्यातील दोन मणक्यांमध्ये असलेल्या चकत्यांना प्रौढ वयात थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. दाब कमी-जास्त होत राहिला की त्यांत द्रव्यांची ये-जा होते आणि त्यातून त्यांचे पोषण होते. म्हणून कण्याला हालचाल आवश्यक असते. त्यातच आसनात घसरून बसल्यास कंबरेचा नैसर्गिक आतला बाक नाहीसा होतो, कणा बाहेरच्या बाजूस गोल होतो आणि स्नायुबंधांवर तासन्‌तास ताण राहतो.

दुसरे कारण कंपन. बसलेल्या माणसाच्या कण्याचा स्वतःचा एक डोल असतो. तो सेकंदाला साधारण चार ते सहा आंदोलनांचा असतो. रस्ता आणि गाडी यांच्यापासून येणारे धक्के याच पट्ट्यात असले की ते शरीरात विरत नाहीत, उलट वाढतात. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात झालेला आणि 1975 साली प्रसिद्ध झालेला जेनिफर केल्सी व हार्डी यांचा अभ्यास या विषयात नेहमी उल्लेखिला जातो. कामाचा निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ वाहन चालविण्यात घालविणाऱ्या पुरुषांत कंबरेची चकती सरकण्याचा धोका इतरांच्या सुमारे तिप्पट असल्याचे त्यात आढळले. वय, वजन, व्यायामाचा अभाव ही कारणेही खरीच आहेत; तथापि सगळा दोष वयाच्या नावे टाकून मोकळे होणे बरोबर नाही.

चांगल्या रस्त्याचा नवा धोका

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. खड्ड्यांचा रस्ता कंबरेला वाईट, हे कोणीही सांगेल. परंतु तो रस्ता चालकाला थांबवीत असे. कोठे फाटक बंद असे, कोठे चहाची टपरी दिसे, कोठे चाकातील हवा तपासावी लागे. समृद्धी महामार्गाने ही सक्तीची विश्रांती संपविली. नागपूर ते शिर्डी हा त्याचा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि 5 जून 2025 पासून सर्व 701 किलोमीटर वाहतुकीस मोकळे झाले. मेहकर आणि सिंदखेड राजा परिसरातून जाणाऱ्या या मार्गावर मोटारीस ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे. मेहकरहून निघालेला मनुष्य मनात आणील तर आसनावरून न उठता नागपूर गाठू शकतो. अंतर अडीचशे किलोमीटरहून अधिक. वळण नाही, गाव नाही, थांबा नाही. शरीर मात्र एकाच घडीत दुमडलेले राहते. शिवाय या मार्गावर वाटेल तेथे कडेला थांबणे जिवावर बेतू शकते. म्हणून कोठे थांबायचे ते निघतानाच ठरवावे लागते.

एक आसन, तीन चालक

व्यापारी कुटुंबात गाडी बहुधा एकच आणि चालविणारे तिघे असतात : वडील, मुलगा आणि अधूनमधून बोलाविलेला चालक. उंच मुलाने मागे सरकवून पाठ कलती केलेल्या आसनावर ठेंगणे वडील तसेच बसतात. पेडलपर्यंत पाय पोहोचावा म्हणून पुढे घसरतात, आणि कंबर अधांतरी राहते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचे माप वेगळे घेणारी माणसे आपल्या आसनाचे माप मात्र दुसऱ्याचेच वापरतात. पुढील क्रमाने हे माप दोन मिनिटांत घेता येते.

प्रथम नितंब आसनाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात टेकवावेत. उंची बदलण्याची सोय असल्यास गुडघे नितंबांच्या पातळीत किंवा किंचित खाली राहतील आणि रस्ता मोकळा दिसेल इतके आसन उचलावे. नंतर क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबून पाहावेत. तेव्हाही गुडघ्यात थोडा वाक राहिला पाहिजे. पाय पूर्ण ताठ होत असेल तर आसन पुढे घ्यावे. मात्र छाती आणि स्टिअरिंगचा मध्य यांत किमान 10 इंच, म्हणजे सुमारे 25 सेंटिमीटर अंतर राखावे. एअरबॅग उघडण्यास तेवढी जागा आवश्यक असते.

त्यानंतर आसनाची पाठ. ती काटकोनात ताठ नको आणि आरामखुर्चीसारखी रेललेलीही नको. 100 ते 110 अंशांचा कल बहुतेकांना मानवतो. खांदे टेकलेले असताना हात लांब केल्यास मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर सहज टेकले, तर अंतर योग्य समजावे. हेडरेस्टची वरची कड डोक्याच्या माथ्याजवळ येईल अशी ठेवावी. सर्वांत शेवटी, ताठ बसलेल्या स्थितीत आतला आरसा लावावा. तासाभराने मागचा रस्ता आरशात नीट दिसेनासा झाला, तर आरसा हलविण्याऐवजी स्वतः सावरून बसावे. आपण घसरलो आहोत, हे आरसाच सांगत असतो.

उशी, आवरण आणि पाकीट

अनेक गाड्यांत कंबरेला पुरेसा आधार नसतो. त्यासाठी महाग वस्तूची गरज नाही. हात पुसण्याचा टॉवेल गुंडाळून, पँटच्या पट्ट्याच्या पातळीवर किंवा किंचित वर, कंबरेच्या खोलगट भागात ठेवावा. आधार जाणवावा, पण टोचू नये. फार जाड उशी शरीराला पुढे ढकलते आणि पाठ वरच्या बाजूस अधांतरी राहते. आसनाचा मागचा भाग खोल असेल तर तेथे घडी केलेली चादर घालून बैठक समतल करावी. फार मऊ स्पंज मात्र टाळावा. शरीर त्यात रुतते आणि कंबर पुन्हा गोल होते. जुन्या गाडीचा फोम दबून गेला असेल तर सीट शिवणाऱ्या कारागिराकडून तो बदलून घेणे हा साधा आणि टिकाऊ उपाय आहे.

जाड आवरणे बसविताना एक खबरदारी घ्यावी. हल्लीच्या अनेक गाड्यांत बाजूची एअरबॅग आसनाच्या कडेलाच असते. तिच्यावर घट्ट आवरण चढले तर तिच्या उघडण्यात अडथळा येऊ शकतो. कोणतीही उशी सैल ठेवू नये, कारण ती घसरून पेडलखाली जाऊ शकते. शेजारी बसलेल्यांनी कंबर दुखते म्हणून आसन पूर्ण आडवे करून झोपणेही धोक्याचे आहे. अपघाताच्या क्षणी शरीर पट्ट्याखालून पुढे सरकते आणि पट्टा पोटावर किंवा गळ्यावर येतो.

मागच्या खिशातील पाकीट हा तर व्यापाऱ्यांचा खास दोष. नोटा, पावत्या आणि कार्डे यांनी फुगलेल्या पाकिटावर एका बाजूने बसल्यास कंबर तिरकी होते आणि पायाकडे जाणाऱ्या मुख्य नसेवर दाब येऊ शकतो. 1978 साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात या दुखण्याला क्रेडिट कार्डाच्या पाकिटाचेच नाव दिले गेले होते. पाकीट काढून समोरच्या कप्प्यात ठेवण्यास काही सेकंद पुरतात. मोबाइललाही हाच नियम लागू आहे.

गाडीचीही थोडी तपासणी हवी. टायरमध्ये गरजेपेक्षा अधिक हवा भरल्यास प्रत्येक धक्का थेट वर येतो. योग्य आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. झिजलेले शॉक अ‍ॅब्सॉर्बर वेळेवर बदलावेत. आणि नवी गाडी घेताना शोरूमभोवती एक फेरी मारून समाधान मानू नये. अर्धा तास चालवून पाहावे. रंग आणि पडदा पाहण्यात जेवढा वेळ जातो, त्यातला निम्मा आसनाला द्यावा.

सहा मिनिटांचा खर्च

कितीही उत्तम आसन अखंड बसण्याचा दोष घालवू शकत नाही. तासाभराने, फार तर दीड तासाने, सुरक्षित जागी गाडी थांबवून उतरावे. उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर घ्यावेत आणि मग उठावे. कंबर पिळली जात नाही. चार पावले चालावे, हात कंबरेवर ठेवून पाच-सहा वेळा सावकाश मागे झुकावे. झुकल्याने कळ पायात उतरू लागली तर ते तेथेच थांबवावे आणि फक्त चालावे. जालना ते मलकापूर या प्रवासात तीन-तीन मिनिटांचे दोन थांबे पुरेसे होतात. चिखलीला एक आणि घाटाच्या आधी बुलढाण्यात दुसरा. एकूण खर्च सहा मिनिटे. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचायचे असेल तर जालन्याहून सहा मिनिटे आधी निघावे. पायाने घाटात दगा देण्यापेक्षा हा सौदा स्वस्त आहे.

पोहोचल्यावरची घाईही तेवढीच वाईट. दीर्घ प्रवासानंतर कंबरेचे स्नायुबंध सैलावलेले असतात. अशा वेळी लगेच वाकून डिकीतील कापडाचा गठ्ठा उचलणे म्हणजे दुखण्याला आमंत्रण. पाच-दहा मिनिटे चालावे, पाणी प्यावे आणि मग गुडघ्यांत वाकून, ओझे शरीराजवळ धरून उचलावे. त्याहून बरे म्हणजे तरुणांना उचलू द्यावे.

पट्टा, विश्रांती आणि डॉक्टर

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती. दीर्घकाळच्या कंबरदुखीसंबंधी या संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांत व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांवर भर आहे. कंबरपट्टा आणि वजन लावून ताण देणे हे उपाय नित्याचे म्हणून करू नयेत, असे सुचविले आहे. म्हणजे दुकानात मिळणारा पट्टा बांधून तेच आसन आणि तीच घाई चालू ठेवणे हा उपचार ठरत नाही. रोजचे चालणे आणि पोट-पाठीच्या स्नायूंचा, जाणकाराकडून शिकलेला व्यायाम हीच खरी गुंतवणूक.

मात्र काही लक्षणांत घरगुती उपायांत वेळ दवडू नये. मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, पायातील शक्ती कमी होत जाणे, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कंबरदुखीसोबत ताप, अकारण घटणारे वजन किंवा झोपेतून उठविणारी कळ असेल तरीही तपासणी लांबवू नये. आणि ज्याच्या पायाला चालविताना बधिरपणा येतो, त्याने डॉक्टरांचा सल्ला मिळेपर्यंत स्टिअरिंगवर बसू नये. तो प्रश्न त्याच्या एकट्याच्या कंबरेचा नसतो. शेजारी आणि मागे बसलेल्यांचा, आणि समोरून घाट चढणाऱ्यांचाही असतो.

मलकापूरच्या त्या घरात कोणी तरी एका संध्याकाळी "काही नाही, वय झाले" या उत्तरावर समाधान मानू नये. मुलाने म्हणावे, "बाबूजी, उद्या घाटात गाडी मी चालवतो; तुमचे आसन मात्र आताच लावून घेऊ." बाबूजींनीही मुंग्यांची गोष्ट लपवू नये. पेढीवरची तूट दडविली की ती वाढत जाते, हे ज्याने आयुष्यभर मुलाला शिकविले, त्याने स्वतःच्या शरीराची तूट तरी का दडवावी?