वत्सगुल्म आधी, अजिंठा नंतर : रिठदहून निघणाऱ्या सहलीचा हिशेब

१/ परीक्षा संपत आल्या की घराघरांत एकच प्रश्न निघतो : यंदा मुलांना कुठे न्यायचे? ‘एखादे ऐतिहासिक शहर’ असे उत्तर आले, की पुढची नावे ठरलेली असतात. जयपूर, आग्रा, म्हैसूर, हंपी. वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावातून चौघापाचांचे कुटुंब यांपैकी कुठेही न्यायचे म्हटले, तर रेल्वेचे आरक्षण, दोन-तीन रात्रींचा मुक्काम आणि बाहेरचे जेवण मिळून सोयाबीनच्या कित्येक पोत्यांचा हिशेब होतो. तूर-हरभऱ्याचे पैसे हाती आलेले असतात, पण समोर खरिपाचे बियाणे आणि खत उभे असते. म्हणून बहुतेक बेत ‘पुढच्या वर्षी पाहू’ या वाक्यावर थांबतात. हा थ्रेड त्या थांबलेल्या बेतांविषयी आहे.

२/ येथील प्रतिपादन साधे आहे. रिठदच्या मुलांनी पाहावयाचे पहिले ऐतिहासिक शहर एसटीने तासाभराच्या आत गाठता येते आणि त्याचे नाव वाशीम आहे. संस्कृतात वत्सगुल्म, प्राकृतात वच्छोम. चौथ्या-पाचव्या शतकांत हे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीचे नगर होते. दुसरी सहल अजिंठ्याची असावी, आणि ती याच क्रमाने व्हावी. वत्सगुल्म वगळून अजिंठा पाहणे म्हणजे वाडा डोळे भरून पाहायचा आणि तो कोणी बांधला हे विचारायचेच नाही.

३/ वाकाटक सम्राट पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्याचे राज्य मुलांमध्ये विभागले गेले. एक शाखा नंदिवर्धनची, म्हणजे आजच्या रामटेकजवळच्या नगरधनची. दुसरी वत्सगुल्मची, तिचा संस्थापक प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन. प्रसिद्धी मात्र पहिल्या शाखेला मिळाली. गुप्त सम्राट दुसरा चंद्रगुप्त याची कन्या प्रभावतीगुप्ता त्या घराण्यात सून म्हणून आली, आणि मेघदूतातल्या रामगिरीमुळे रामटेकभोवती कालिदासाचे वलयही उभे राहिले. वत्सगुल्मच्या वाट्याला असे काही आले नाही. सासरही बलाढ्य असावे लागते, आणि कवीही आपलासा असावा लागतो.

४/ तरी कवी येथेही होता; तो स्वतः राजाच होता. सर्वसेनाने ‘हरिविजय’ नावाचे प्राकृत काव्य रचले. श्रीकृष्णाने सत्यभामेसाठी स्वर्गातून पारिजातक आणला, ही त्याची कथा. संपूर्ण काव्य आज उपलब्ध नाही, परंतु आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रकाराने त्याची दखल घेतली आहे. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरात लागतो. दहाव्या शतकाच्या सुमारास लिहिणाऱ्या विद्वानाला साहित्याच्या लग्नाला साजेसा मांडव शोधायचा होता, तेव्हा त्याला हे गाव आठवले. वाशीमच्या बसस्थानकावर उतरणाऱ्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते?

५/ विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत अभ्यासकांनाही या शाखेची नीट कल्पना नव्हती. १९३९ मध्ये वाशीम येथे एक ताम्रपट उजेडात आला. तो सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा. आपल्या राज्याच्या ३७व्या वर्षी, वत्सगुल्म येथून, नांदीकट म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर भागातील एक गाव त्याने ब्राह्मणांना दान दिले, त्याची ही सनद. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे, व्यवहाराचा भाग प्राकृतात. पूर्वजांची कीर्ती सांगायला एक भाषा आणि गावाच्या सवलती, करमाफी यांची नोंद करायला लोकांची भाषा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा महाराष्ट्री प्राकृताची चर्चा सर्वत्र झाली; प्राकृतात लिहिलेला हा राजव्यवहार वाशीममध्ये मिळाला होता, ही गोष्ट त्या चर्चेत फारशी आली नाही.

६/ या ताम्रपटाने अजिंठ्याचाही एक जुना घोटाळा सोडवला. लेणे क्रमांक १६ मधील शिलालेखात वाकाटक राजांची वंशावळ आहे, पण अक्षरे झिजलेली असल्यामुळे आधीच्या वाचनांत सर्वसेनाचे नाव हरवले होते. परिणामी दोन शाखांचे राजे एकाच माळेत ओवले गेले. वाशीमचा ताम्रपट हाती आल्यावर महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी तो लेख नव्याने वाचला आणि वत्सगुल्मची स्वतंत्र शाखा स्पष्ट झाली. जगभरातून लोक ज्या लेण्याला भेट देतात, त्याच्या दात्यांचा वंश वाशीमच्या तांब्याच्या पत्र्यांवरून दुरुस्त झाला.

७/ यावर एक रास्त आक्षेप आहे : वाशीममध्ये पाहायला आहे तरी काय? वाकाटकांचा राजवाडा नाही, तट नाही, तिकीटघर नाही. दहा वर्षांच्या मुलाला ‘येथे राजधानी होती’ असे सांगून बाजाराच्या गर्दीत उभे केले, तर तो आइस्क्रीमच मागेल आणि त्याचे चुकत नाही. म्हणून वाशीमचा दिवस स्मारके मोजत घालवण्यात अर्थ नाही. एका जुन्या नगराचे थर उलगडत फिरावे. अर्धा दिवस त्याला पुरतो.

८/ सुरुवात बालाजी मंदिरापासून करावी. हे मंदिर वाकाटकांचे नाही. अठराव्या शतकात, नागपूरकर भोसल्यांच्या काळात, साबाजी भोसले यांचे कारभारी भवानी काळू यांनी ते बांधवले. नंतर देवतलाव आणि पद्मतीर्थ. वाशीम हे तीर्थांचे गाव. परंपरा येथे १०८ तीर्थे मोजते. ही संख्या तपासत बसण्यापेक्षा मुलांना एवढेच विचारावे, की मोठी नदी नसलेल्या गावात एवढी तळी आणि कुंडे कशासाठी लागली असतील. ज्यांच्या घरी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते, त्या मुलांना या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाशिवाय येते.

९/ मध्यमेश्वराचे मंदिर चुकवू नये. प्राचीन भारतीय ज्योतिषातील मध्यरेषा लंकेपासून उज्जयिनीवरून मेरूकडे जाते, आणि त्या रेषेवरील स्थानांच्या जुन्या यादीत वत्सगुल्माचे नाव येते. मंदिराची कथा याच रेषेशी जोडलेली आहे. आता मोबाइलवर नकाशा उघडावा. उज्जैन सुमारे ७५.८ अंश पूर्व रेखांशावर आहे, वाशीम सुमारे ७७.१ वर. म्हणजे रेषा सवा अंशाने हुकली. जुन्या काळी अक्षांश सावलीवरून मोजता येई. रेखांशासाठी दूरच्या दोन ठिकाणी एकच ग्रहण नेमके किती वाजता दिसले हे जुळवावे लागे, आणि तेथे चूक सहज होई. भक्तिभावाने ‘रेषा येथूनच जाते’ म्हणणारा आणि ‘सगळे थोतांड’ म्हणणारा, दोघेही मुलांपासून एक सुंदर प्रश्न हिरावून घेतात.

१०/ वाशीमजवळच्या हिस्से-बोराळा येथील शिलालेखाची गोष्ट तर प्रवासाच्या आधीच घरी सांगावी. वाकाटकांचे लेख सहसा राज्यवर्षांत काळ देतात, त्यामुळे इतिहासकारांना सतत अंदाज बांधावे लागतात. हिस्से-बोराळ्याचा लेख मात्र शक ३८० सांगतो, म्हणजे इ.स. ४५८च्या सुमाराचा काळ. देवसेन राजाच्या स्वामिल्लदेव नावाच्या सेवकाने येथे ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला, अशी त्यात नोंद आहे.

११/ हे नाव ओळखीचे वाटले पाहिजे. गिरनारच्या पायथ्याशी सुदर्शन तलाव होताच; मौर्यकाळात बांधलेला, रुद्रदामनाने दुरुस्त केलेला. स्कंदगुप्ताच्या काळात, गुप्त संवत १३६ मध्ये म्हणजे इ.स. ४५५च्या सुमारास, तो फुटला आणि लगोलग पुन्हा बांधला गेला. म्हणजे सौराष्ट्रात एक सुदर्शन सावरला जात होता, त्याच दशकात वऱ्हाडात दुसरा सुदर्शन उभा राहत होता. नाव मुद्दाम घेतले असेल का? तसे म्हणण्याचा मोह होतो. पुरावा केवळ नावाचा आणि काळाचा आहे. पण शिवारातल्या बांधावर उभे राहून गुजरातचा विचार करायला लावणारी जागा कोणत्याही महागड्या सहलीत सहज मिळत नाही.

१२/ आता अजिंठा. देवसेनाचा पुत्र हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा सर्वांत बलाढ्य राजा. त्याचा मंत्री वराहदेव याने क्रमांक १६ चे लेणे कोरवून भिक्षुसंघाला दिले. क्रमांक १७ हे हरिषेणाच्या एका मांडलिक राजाचे दान. वराहदेवाचा पिता हस्तिभोज हा देवसेनाचा मंत्री. लेखाप्रमाणे देवसेनाने राज्याचा भार त्याच्यावर सोपवला आणि स्वतः सुखोपभोगात रमला. मंत्र्याच्या मुलाने लिहवून घेतलेला मजकूर आहे, तेव्हा राजाची स्तुती आणि वडिलांची जाहिरात एकाच ओळीत आली, तर नवल नाही.

१३/ बहुतेक कुटुंबे क्रमांक १ मधील पद्मपाणीसमोर गर्दी करतात आणि तेथेच थकतात. रिठदच्या कुटुंबाने १६ आणि १७ साठी बळ राखून ठेवावे. १६च्या पायथ्याशी दोन दगडी हत्ती स्वागताला आहेत. वर गेल्यावर वराहदेवाचा शिलालेख शोधण्याचे काम मुलांवर सोपवावे. आत नंदाच्या प्रव्रज्येची वार्ता ऐकून कोसळणारी त्याची पत्नी आहे. १७ मध्ये विश्वंतर जातक आहे; दानाच्या व्रतापायी स्वतःची मुलेही देऊन टाकणारा राजपुत्र. मुलांना घेऊन गेलेल्या आईबापांना हे चित्र सुखाने पाहवत नाही, आणि मुले हमखास विचारतात, ‘त्यानं असं का केलं?’ त्या प्रश्नाला वेळ द्यावा. पुढचे लेणे थोडे उशिरा पाहिले तरी चालते.

१४/ खर्चाकडे वळू. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. ७५ वर्षे पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना प्रवास विनामूल्य, ६५ ते ७५ वयोगटाला अर्धे तिकीट. ५ ते १२ वर्षांच्या मुलांचेही अर्धे. आजी, आई आणि दोन मुले असलेल्या कुटुंबात पूर्ण तिकीट बहुधा एकट्या वडिलांचे निघते. अजिंठ्याला भारतीय प्रौढांसाठी ४० रुपये प्रवेशशुल्क आहे, १५ वर्षांखालील मुलांना नाही. फर्दापूर फाट्यावर खासगी वाहने थांबतात आणि पुढचे सुमारे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जावे लागते. तेथील तिकीट वेगळे. म्हणजे भाड्याची गाडी करून गेले तरी शेवटी एसटीतच बसायचे आहे.

१५/ मार्ग दोन. एक मेहकर, चिखली, बुलढाणा असा रस्त्याने. दुसरा वाशीमहून रेल्वेने अकोला, तेथून जळगाव आणि पुढे एसटी. पहिला स्वस्त पडतो, पण गाड्या बदलाव्या लागतात. एका दिवसात जाऊन येण्याचा अट्टहास करू नये. बुलढाण्याला किंवा फर्दापूरला एक रात्र मुक्काम धरावा. खर्चाची कात्री जेवणाला लावता येते : दशम्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. मुक्कामाला मात्र कात्री लावू नये. रात्रभर बसस्थानकावर काढलेली मुले सकाळी विश्वंतर पाहत नाहीत, जांभया देतात.

१६/ काळाची निवड ही सर्वांत मोठी बचत आहे. विदर्भातील शाळा उन्हाळ्यानंतर उर्वरित महाराष्ट्राच्या मागाहून उघडतात, म्हणून बरीच कुटुंबे मे महिन्यात निघतात. मेमध्ये अजिंठ्याचा कातळ तापलेला असतो, वाघूर नदी कोरडी असते आणि अर्धे पैसे थंड पाण्यावर जातात. फाल्गुन-चैत्रात, गुढीपाडवा किंवा रामनवमीला लागून येणाऱ्या सुट्ट्यांत निघावे. सोमवारी अजिंठा बंद असतो. शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडसुट्टी आली तर अजिंठा आधीच्या दोन दिवसांत उरकावा.

१७/ येथे एक तक्रार नोंदवणे भाग आहे. ‘बजेट सहल’ या शब्दाचा अर्थ हल्ली ‘तेच ठिकाण, पण स्वस्त हॉटेल’ असा झाला आहे. त्यामुळे गरीब घरातल्या मुलांना श्रीमंतांच्या सहलीची उरलीसुरली प्रत मिळते. रिठदच्या मुलाने आग्र्याला ताटकळत, घाईत, उपाशीपोटी ताजमहाल पाहावा आणि घरी येऊन वाशीमला ‘आपलं साधं गाव’ म्हणावे, यात पैसाही जातो आणि त्याहून जपण्यासारखे काहीतरी जाते. ताज वाईट नाही, तो थांबेल. गावाजवळचे जुने दगड मात्र थांबतीलच असे नाही. ज्या शिलालेखाची गोष्ट गावातल्या एकाही मुलाला ठाऊक नाही, त्याच्यावर चुना फासला गेला तर आवाज उठवणार कोण?

१८/ परतीच्या वाटेवर मेहकरला उतरून शारंगधर बालाजीची मूर्ती पाहावी. १८८८ मध्ये ती जमिनीखालून सापडली. एक दिवस हाताशी असेल तर लोणार जोडावे : बेसॉल्टच्या खडकात उल्कापाताने झालेले विवर, काठावर यादवकालीन शैलीचे दैत्यसूदन मंदिर. लोणारहून रिसोड, आणि रिसोडहून रिठद. संध्याकाळच्या गाडीत खिडकीशेजारची जागा मुलांना द्यावी, आणि हिस्से-बोराळ्याचा तलाव नेमका कुठे असेल यावर त्यांना भांडू द्यावे.